पोकळ ठिपके

“हा नकाशा छापायचा नाही,” बाई म्हणाल्या.

साहेब त्या वेळी खुशीत होते. टेबलावर त्यांनी नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पसरलं होतं. ते गुंडाळलं जाऊ नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर पेपरवेट, चहाचा कप, चष्म्याचं घर आणि स्वतःचा मोबाइल ठेवला होता, आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून ते दाखवत होते. बाईंनाही त्यांनी कौतुक ऐकायलाच बोलावलं होतं.

“का? रंग फिका आलाय का?”

“रंग चांगलाय. नकाशा चुकलाय.”

“अहो बाई, हा तुमचाच नकाशा आहे.”

“म्हणून तर मला सांगता येतंय.”

साहेब हसले. बाईंची थट्टा अशी कोरडीच असते, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाई स्वतः हसत नाहीत असं पाहून त्यांनी हळूच मोबाइल उचलला, आणि मुखपृष्ठाचा तो कोपरा सुरळी होऊन नकाशावर आला.

नकाशा वटवाघळांच्या एका जातीचा होता. खात्याचं कामच ते. कुठली वटवाघळं कुठं राहतात, त्यांच्या वावराची हद्द कुठून कुठवर जाते, हे शोधायचं आणि कागदावर मांडायचं. लोकांना ऐकून हसू येतं. येऊ दे. जमिनीची मोजणी होते, माणसांची गणती होते. डोक्यावरून जाणाऱ्या जिवांचा पत्ता कुणीतरी लिहून ठेवायला नको? पद्धत साधी आहे. प्रत्येक जातीला एक पान. जिथं ती सापडली तिथं ठिपका. ठिपका भरीव असेल तर ती तिथं आज आहे. ठिपका पोकळ, म्हणजे नुसतं वर्तुळ, असेल तर ती तिथं पूर्वी होती, आता नाही. या पानावर पूर्वेकडे काळे ठिपके दाटीवाटीनं बसले होते आणि पश्चिमेकडचे झाडून सगळे पोकळ होते. खाली साहेबांनी ठसठशीत अक्षरांत घालून घेतलं होतं: ‘पश्चिमेतून नाहीसं झालेलं वटवाघूळ’. वर्तमानपत्रवाले येऊन फोटोसुद्धा काढून गेले होते.

“हे पोकळ ठिपके,” बाईंनी नकाशावर बोट ठेवलं, “खोटे असतील.”

“असतील म्हणजे?”

“असतील म्हणजे असतील. मला ठाऊक नाही. तेच तर सांगतेय, मला ठाऊक नाही.”

‘मला ठाऊक नाही’ हे शब्द उभ्या नोकरीत बाईंच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. साहेबांनी चहाचा कपही उचलला.

बाई खात्यात लागल्या त्या नकाशे रेखाटायला. इतरांनी आणलेल्या नोंदी शाईनं कागदावर उतरवायच्या, एवढंच काम. पण दुसऱ्याच्या भरवशावर ठिपके मारत बसणं त्यांच्या स्वभावात बसेना. जो येईल त्याला त्या विचारायच्या, “कशावरून?” शेवटी एक निरीक्षक वैतागून म्हणाला, मग या की बघायला. त्या गेल्या, आणि त्यानंतर खुर्चीला काही त्या फारशा लाभल्या नाहीत.

वटवाघळं ओरडत उडतात आणि समोरून उलटून आलेल्या आपल्याच आवाजावरून वाट काढतात. तो आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. तो जाड करून ऐकवणारं यंत्र लागतं. अपवाद फक्त या एका जातीचा. मोकळ्या शेपटीचं, उंचावरून उडणारं हे वटवाघूळ त्यातल्या त्यात जाड्या आवाजात ओरडतं. दूरवर कुणीतरी दोन खडे एकमेकांवर वाजवावेत तसं. चांगल्या कानाच्या माणसाला ते यंत्राशिवाय ऐकू येतं, आणि बाईंचे कान खात्यात सगळ्यांत चांगले होते. बाकीचे लोक यंत्राची बटणं पिळत असायचे तोवर बाई बोट वर करून म्हणायच्या, “आली.” तेव्हापासून त्यांचं नाव वाघूळबाई पडलं. नव्यानं आलेल्या माणसाला त्या स्वतःच ते सांगून टाकायच्या, म्हणजे त्याची पाठीमागे कुजबुजायची मेहनत वाचायची.

मग या जातीसाठी यंत्र न्यायचंच नाही असा रिवाज पडला. यंत्र एकच, तेही जड, आणि बाकीच्या जातींनाच पुरत नव्हतं. ‘अनुभवी निरीक्षकानं कानांनी घेतलेली नोंद ग्राह्य धरावी’ हा नियम बाईंनीच लिहिला. अनुभवी निरीक्षक म्हणजे कोण, हे लिहायची गरज कुणाला वाटली नाही. पश्चिमेकडचे सगळे ठिपके बाईंच्या कानांचे. पूर्वेकडची शाखा वेगळी होती. त्यांच्याकडे असे कान नव्हते, म्हणून ती बिचारी माणसं यंत्र घेऊन हिंडायची. बाईंना त्यांची कीव यायची.

गेली काही वर्षं मात्र बाई ठरलेल्या जागी संध्याकाळच्या जाऊन उभ्या राहत आणि रिकाम्या हातांनी परत येत. आधी पाण्याची जुनी टाकी गेली. मग कोर्टाचा मनोरा गेला, पिठाची गिरणी गेली, नदीवरचा दगडी पूल गेला. दर वेळी बाई टेबलाशी बसून भरीव ठिपका खरवडायच्या आणि त्या जागी वर्तुळ काढायच्या. टाकीचं वर्तुळ काढलं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. साहेबांनी ते दुःख पाहिलं होतं, आणि पाहून त्यांना मुखपृष्ठ सुचलं होतं.

हे सगळं उलटलं ते एका थर्मामीटरमुळे.

बाईंजवळ त्यांची धाकटी बहीण राहायची. ती नर्स होती. संसार पटला नाही म्हणून एक बॅग आणि एक कुंडी घेऊन ती ताईकडे आली आणि तिथलीच झाली. दोघींचं दिवसभर कशावरून तरी वाजायचं, आणि एकीला घरी यायला उशीर झाला की दुसरी खिडकीतून हलायची नाही. मागच्या महिन्यात धाकटीला ताप भरला. बाईंनी तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

बऱ्याच वेळानं धाकटी म्हणाली, “ताई, काढू का गं आता?”

“वाजू दे की.”

“वाजला की कधीचा.”

“कधी?”

“मघाशी. वाजून वाजून गप्प झाला. मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलायस.”

“मग बिघडलाय मेला. याच्या आधीचाही असाच निघाला होता. दुकानदाराला चांगलं फैलावर घेऊन बदलून आणला मी.”

धाकटी डोळे मिटून पडली होती, ती उठून बसली. ताप होता, पण नर्स ती नर्सच. तिनं थर्मामीटर पुन्हा काखेत धरला, वाट पाहिली, मग तो बाईंच्या कानापाशी नेला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“आता वाजतोय, ताई.”

बाईंना फक्त पंख्याचा आवाज येत होता.

“वय झालं की आधी असे बारीक आवाज जातात,” धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. “बोललेलं सगळं नीट कळतं, म्हणून माणसाच्या ध्यानातच येत नाही. आमच्याकडे रोज येतात असे पेशंट. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं होतं ते धाकटीला कुठून कळणार? बाईंच्या मनात थर्मामीटर नव्हताच. त्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याची टाकी उभी राहिली होती.

कानांच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. बाहेरची मुलगी म्हणाली, “आवाज आला की दाबायचं हं, काकू.” बाई सावरून बसल्या. बारीक आवाजाची वाट पाहण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आवाज कसा लयीत येतो, दोन आवाजांत किती जागा असते, सगळं त्यांना पाठ होतं. त्या दाबत गेल्या. थोड्या वेळानं मुलीनं काचेवर टकटक केलं.

“काकू, मी अजून सुरूच केलेलं नाही.”

बाई मोठ्यानं हसल्या. मुलगी हसली नाही. मग बाई शहाण्यासारख्या बसल्या, आणि त्यानंतर बराच वेळ त्यांचा अंगठा जागचा हलला नाही.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावरची रेघ बरीच सरळ जात होती आणि एका जागी दगड टाकल्यासारखी खाली आली होती. डॉक्टर समजावून सांगायला लागले, पण बाईंनी आयुष्यभर हद्दी काढल्या होत्या. ही हद्द त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कानयंत्र बसवलं तर बोलणं आणखी स्वच्छ ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले. ते वरचे आवाज मात्र गेले ते गेले.

धाकटीबरोबर घरी येताना भर रस्त्यात बाई थांबल्या. रागानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मी वटवाघळांचा नकाशा काढलाच नाही, धाकटे. मी माझ्या कानांचा नकाशा काढलाय. आणि तो माणूस तो मुखपृष्ठावर छापतोय.”

म्हणून त्या आज साहेबांपुढे उभ्या होत्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला शांतता आवडायची.

“हे आणखी कुणाला बोललात?”

“माझ्या बहिणीला.”

“मग इथंच राहू द्या. बाई, तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. पुस्तक निघू द्या, चार लोकांत तुमचा मान होऊ द्या. पुढे कधीतरी नवा माणूस जाईल, त्याला ती सापडली तर म्हणू, परत आली. लोकांना आनंदच होईल.”

“आणि पूल?”

नदीवरच्या दगडी पुलाची दुरुस्ती निघाली होती. पुलाच्या इंजिनिअरनं खात्याला विचारलं होतं, आत वटवाघळं आहेत का? असतील तर भेगांना हात लावायचा नाही, नसतील तर सिमेंटनं बुजवायच्या, असा कायदाच होता. खात्यानं नकाशा पाहिला आणि कळवलं, पोकळ ठिपका आहे, खुशाल बुजवा.

“दिवसा ती भेगांत झोपलेली असतात, साहेब. गवंडी येतील आणि बाहेरून लिंपून टाकतील. माझ्या ठिपक्याच्या जिवावर.”

“असली तर!”

“असली तर. म्हणून तर बघायला हवं. आणि हे बघा.” बाईंनी कोपऱ्याची सुरळी उलगडून धरली. “पोकळ ठिपके कुठं संपतात? बरोबर आपल्या आणि पूर्वेच्या शाखेच्या सीमेवर. वटवाघळांना काय आपल्या शाखा ठाऊक आहेत? इतके दिवस इतके शहाणे लोक हा कागद बघतायत, एकाला शंका आली नाही. मलासुद्धा नाही.”

साहेबांनी कपाळ चोळलं. “हे बाहेर काढलंत, तर लोक तुमच्या जुन्या नोंदींवरही बोट ठेवतील. एकदा कान खोटे ठरले की सगळेच ठिपके गेले.”

“ठेवू दे बोट. मी तेव्हा ऐकलं ते ऐकलं. त्यातला एक ठिपका कुणी पुसला तर मी निवृत्त झाले तरी इथं येऊन बसेन, तुमच्या याच खुर्चीसमोर. जे ऐकलं ते पुसू देणार नाही. आणि जे मला ऐकू आलं नाही, ते ‘नाही’ म्हणून छापू देणार नाही. दोन्ही आत्ताच सांगून ठेवते.”

“पण वेळ कुठाय? पुस्तक छपाईला चाललंय. यंत्रावर बसवायला माणूस नाही माझ्याकडे.”

“मी आहे की. यंत्राला कान लागत नाहीत, हात लागतात.”

“मी परवानगी देत नाही, बाई.”

“मी मागितली कुठं?” असं म्हणून बाईंनी दार उघडलं. बाहेर दोन-तीन जण एकदम कामाला लागले.

तळमजल्यावर कोठीघर होतं आणि त्याच्या खिडकीत कोठीवाला. बाई लागल्या तेव्हापासून तो तिथंच होता.

“यंत्र? तुम्हाला?” त्यानं डोळे मोठे केले. “वाघूळबाई, आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“दादा, चेष्टा नको. द्या लवकर.”

“साहेबांचा आत्ताच फोन येऊन गेला. तुम्ही आलात तर यंत्र दुरुस्तीला गेलंय असं सांगायचं.”

“मग सांगा.”

“सांगतो ना. यंत्र दुरुस्तीला गेलंय.” एवढं बोलून त्यानं कपाटातून यंत्र काढलं, बाहीनं त्याच्यावरची धूळ पुसली आणि खिडकीतून बाईंच्या हातात दिलं. “जपून. चार्जर पिशवीत आहे.”

धाकटीनं दिवसाची ड्यूटी मागून घेतली. संध्याकाळी यंत्राची पिशवी तिच्या खांद्याला, बॅटरी बाईंच्या हातात, अशा दोघी निघायच्या. पहिल्या दिवशी पाण्याची टाकी. टाकीच्या माथ्याखाली सिमेंट फुटून एक फट पडली होती. सूर्य बुडाला, दिवे लागले. बाईंनी यंत्र वर रोखून धरलं. आभाळ त्यांच्यासाठी मुकं होतं. मग यंत्रातून टप् असा आवाज आला. टप्. टप् टप्. पडद्यावर बारक्या उभ्या रेघा उमटायला लागल्या.

“आहेत मेल्या!” बाई ओरडल्या. “आहेत! आणि मी यांच्यासाठी उपाशी राहिले होते!”

“ताई, मला नुसतंसुद्धा ऐकू येतंय.”

“गप्प बस. मला सांगू नकोस.”

यंत्र टपटपत राहिलं. जरा वेळानं बाईंनी मान न वळवता विचारलं, “कसं येतंय?”

“खडे वाजवल्यासारखं.”

“हं,” बाई म्हणाल्या. “बरोबर.”

त्या आठवड्यात बाईंना आनंद झाला आणि राग आला, आणि एकातून दुसरं वेगळं काढता येईना. धाकटीचा त्यांना हेवा वाटला. सख्ख्या बहिणीचा, जिला आजवर वटवाघूळ म्हटलं की किळस यायची, तिचा. कोर्टाच्या मनोऱ्यावर तर धाकटी यंत्राच्या आधीच बोट वर करायची आणि ताईकडे पाहून पटकन खाली घ्यायची.

“वर कर की,” बाई चिडून म्हणाल्या. “आली तर आली म्हण. त्यात माझी दया कसली येतेय तुला?”

पिठाच्या गिरणीवर मात्र यंत्रही बोललं नाही. त्या पुन्हा गेल्या, वाऱ्याची दिशा पाहून तिसऱ्यांदा गेल्या. गिरणीचं जुनं छप्पर काढून नवे पत्रे घातले होते. कुठं बोट शिरेल एवढीही फट ठेवली नव्हती. यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघ होती. या जागी वर्तुळ काढताना बाईंनी हुंदका दिला नव्हता, तोवर त्यांना सवय झाली होती. रडायचं ते खरं इथं रडायला हवं होतं, आणि ते रडू आपण टाकीवर वाया घालवलं, असं त्यांना वाटलं. त्या बराच वेळ पत्र्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

“इथलं वर्तुळ राहू दे,” त्या म्हणाल्या. “हे खरं आहे.”

पुलाला तोवर परांची लागली होती. पुलाखाली सिमेंटच्या गोण्यांची थप्पी होती, वर ताडपत्री. इंजिनिअर तरणा होता, हेल्मेट काखेत मारून फोनवर कुणाला तरी झापत होता. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यानं फोन बंद केला.

“वटवाघळं नाहीत म्हणून तुमच्याच खात्यानं सांगितलंय की.”

“मीच सांगितलंय. आता मीच सांगतेय, थांबा.”

“बाई, माझे गवंडी सकाळी येतायत. पावसाआधी सगळ्या भेगा बुजवायच्यात. तुमचं काय एक ठरवून या ना!”

“तेच ठरवायला आलेय. अंधार पडेपर्यंत उभे राहा माझ्याबरोबर. काही निघालं नाही तर मी स्वतः तुमच्या गवंड्यांना घमेलं उचलून देईन.”

इंजिनिअरला हसू आलं. तो थांबला. नदीवरचा उजेड विझत गेला. पुलाच्या दुसऱ्या कमानीखाली, दोन दगडांमधल्या काळ्या फटीतून आधी एक काहीतरी पडलं, पाण्यापर्यंत येऊन वर उचललं गेलं. मग दुसरं. मग एकदम पाच-सात. बाईंनी यंत्र इंजिनिअरच्या हातात कोंबलं आणि ते टपटपायला लागलं.

पण इंजिनिअर यंत्राकडे पाहतच नव्हता. तो मान वर करून ऐकत होता.

“हा आवाज? हा यांचा आवाज?” तो म्हणाला. “हा तर मी रोज ऐकतो! मला वाटायचं परांचीचे नट खडखडतायत. दोनदा आवळून घेतले मी ते.”

बाईंना हसू आवरेना. त्या हसल्या, कमानीच्या दगडाला टेकून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. इंजिनिअरला आधी कळेना, मग तोही हसायला लागला. जाताना त्यानं माणसाला हाक मारून गोण्या उचलायला सांगितल्या.

“दुसऱ्या कमानीला हात लावत नाही,” तो म्हणाला. “पण मला तुमच्या खात्याचं लेखी लागेल.”

“मिळेल.”

साहेबांना ते लेखी द्यावंच लागलं. इंजिनिअरनं स्वतःच येऊन मागितल्यावर ते नाही कसं म्हणणार? आणि एकदा पूल भरीव झाल्यावर बाकीचं पान पोकळ ठेवता येईना. मुखपृष्ठावर दुसरं वटवाघूळ आलं, फळं खाणारं, दिसायला गोजिरवाणं. वर्तमानपत्रवाले पुन्हा आले नाहीत. आतल्या पानावर टाकी, मनोरा आणि पूल काळे झाले. गिरणी पोकळ राहिली. आणि छपाईआधी जिथं पोचता आलं नाही, तिथं बाईंनी प्रश्नचिन्हं काढली.

“प्रश्नचिन्हं छापायची?” साहेब म्हणाले. “लोक हसतील, बाई. म्हणतील, यांना ठाऊकच नाही.”

“मग बरोबरच म्हणतील.”

खात्यातल्या एका हुशार माणसानं बैठकीत सुचवलं की बाईंच्या जुन्या नोंदींवरही एक खूण करावी, ‘शंकास्पद’ अशी. बाईंनी यंत्र उचलून त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. “जा आणि बघ. जिथं खोटी ठरेन तिथं खूण कर, मी धरून ठेवते पान.” तो काही गेला नाही. जुन्या नोंदी जशा होत्या तशा राहिल्या. त्याच बैठकीत बाईंनी कानांनी घेतलेल्या नोंदीचा आपलाच नियम रद्द करायला लावला, आणि तो रद्द होताना सगळ्यांत आधी हात त्यांनीच वर केला.

शेवटच्या दिवशी त्यांनी यंत्र कोठीच्या खिडकीतून परत दिलं.

“दुरुस्त होऊन आलं म्हणायचं,” कोठीवाला म्हणाला.

“आलं दादा,” बाई म्हणाल्या. कोठीवाल्यानं यंत्र कपाटात ठेवायला नको इतका वेळ लावला.

त्या दिवशी संध्याकाळी धाकटी ड्यूटीवरून आली तेव्हा बाई चपला घालून दारातच उभ्या होत्या. दोघी पुलाकडे चालायला लागल्या. हातात पिशवी नव्हती, बॅटरी नव्हती. परांची उतरली होती. बाकीच्या कमानी धुऊनपुसून नव्या झाल्या होत्या आणि दुसरी कमान आपल्या भेगांसकट तशीच काळी होती. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. बाईंनी डोळे मिटून घेतले. पूर्वी ऐकताना त्या तसेच मिटायच्या. गाड्यांचा आवाज आला, पाण्याचा आला, पलीकडच्या काठावर कुणी कुणाला हाक मारत होतं तेही स्वच्छ आलं. वर काहीच नव्हतं.

“निघाल्या का गं?”

धाकटीनं ताईचं मनगट हातात घेतलं, नाडी बघतात तसं, आणि त्यावर एका बोटानं टिचकी दिली. थांबली. पुन्हा एक दिली. मग लगोलग दोन.

बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“पुढं,” त्या म्हणाल्या.

बोट वाजत राहिलं. मधे थबकायचं, पुन्हा धरायचं. दोन टिचक्यांमधली जागा बाईंच्या ओळखीची होती. लय तीच होती, इतक्या वर्षांची. फक्त ती आता कानाऐवजी मनगटातून येत होती. मग बोट घाईला आलं. एकाची टिचकी संपायच्या आत दुसऱ्याची, तिच्यात तिसऱ्याची. धाकटीची तारांबळ उडाली, ती एकदा चुकली, पुन्हा धरू पाहिलं, पुन्हा चुकली. शेवटी तिनं टिचक्या द्यायचं सोडलं आणि ताईचं मनगट पूर्ण मुठीत घट्ट धरून ठेवलं.

“एवढ्या?” बाईंनी विचारलं.

धाकटीनं मूठ सोडली नाही.